शहाण्या घड्याळाची समीक्षा

समीक्षा लिहायला माणूस निदान एम. ए. तरी असावा लागतो, असा आमच्या घरात समज आहे. मी बी. कॉम. आहे, आणि गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी जे काही वाचलं, त्यात चेकच्या पाठीवरच्या सह्याच जास्त. तरी आज समीक्षेला बसलो आहे. कारण ज्या वस्तूची ती करायची, ती वस्तू दहा वर्षं माझ्या मनगटावर आहे आणि तिची नवी, सुधारून वाढवलेली आवृत्ती बाजारात आली आहे. अशा वेळी समीक्षक म्हणे जुनी प्रत शेजारी घेऊन बसतात आणि सुधारलं काय नि वाढवलं काय, ते ताडून पाहतात. बहुतेक वेळा वाढलेली असते ती किंमत. आमच्या धंद्यात या ताडून पाहण्याला 'टॅली करणे' म्हणतात. तेवढं मला जमतं.

तर वस्तू म्हणजे स्मार्टवॉच. मराठीत शहाणं घड्याळ. कंपनीचं नाव सांगणार नाही. खातेदाराची शिल्लक आणि घड्याळाची कंपनी या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत, असं आमच्या नोकरीनं मला शिकवलं आहे.

आम्हा बँकवाल्यांच्या घरातल्या वस्तू वर्षावरून ओळखल्या जात नाहीत, करारावरून ओळखल्या जातात. पगारवाढीचा द्विपक्षीय करार पाच वर्षांनी संपतो, पुढचा दोन-अडीच वर्षं उशिरा होतो, आणि मग मागचे थकलेले पैसे एकदम हातात पडतात. आयुष्यात चैन करायची संधी काय ती तेवढीच. नववा करार २०१० साली झाला, त्यात आमच्याकडे वॉशिंग मशीन आलं. दहावा मे २०१५ मध्ये झाला, त्यात हे घड्याळ. अकरावा नोव्हेंबर २०२० चा, त्यात फ्रिज. बारावा मार्च २०२४ मध्ये झाला. "बाराव्याचे पैसे अजून तसेच पडून आहेत," असं मी सासरवाडीला जेवता जेवता सहज म्हणालो, तर पंगतीतल्या लोकांचे घास हातातच राहिले.

या बाराव्याच्या पैशांवर नजर ठेवून घरात ठराव आला, की माझं घड्याळ आता बदलावं. सूचक सौभाग्यवती, अनुमोदन कन्येचं. मी सभेला हजर होतो, इतकंच.

आता आधी जुन्या आवृत्तीविषयी.

दहा वर्षांपूर्वी हे घड्याळ घालून मी शाखेत गेलो, तेव्हा मॅनेजरसाहेब स्वतः केबिनबाहेर आले होते. ते याआधी फक्त इन्स्पेक्शनच्या वेळी बाहेर आले होते. घड्याळाचं कौतुक असं, की फोन खिशात असला तरी निरोप मनगटावर उमटायचा. एरवी काच काळी. हात उचलून मनगट वळवलं की उजळायची. घरात हे फार छान दिसे. पण सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये, जिथे दोन माणसांच्या मधून पोस्टकार्ड जाणार नाही तिथे, किती वाजले हे पाहायला झटक्यानं हात वर नेला की समोरचा माणूस आधी स्वतःचा गाल सांभाळी.

भाषेच्या अंगानं पाहिलं, तर या कृतीत एक मूलभूत उणीव आहे. तिला मराठी येत नाही. आमची सौ. निरोप मराठीतच लिहिते, आणि घड्याळ अक्षराअक्षराच्या जागी रिकामे चौकोन काढून ठेवतं. कन्या इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी या सगळ्यांना वेगळं घर लागतं." म्हणजे 'दूध' लिहिलं की द, दीर्घ ऊकार आणि ध असे तीन चौकोन. पहिल्याच आठवड्यात मला तीन चौकोन, मग मोकळी जागा, मग तीन चौकोन असा निरोप आला. फोन बॅगेत, बॅग रॅकवर, आणि मी दारात लटकलेला. 'दूध आणा' असणार, असं धरून मी दूध घेऊन घरी गेलो. निरोप 'दही आणा' असा होता. तुम्हीही मोजून पाहा, दोन्हींचे चौकोन सारखेच भरतात. दूध आणि दही तत्त्वतः एकच, हे घड्याळाचं अद्वैत मला पटलं. पण कढीच्या दिवशी ते कामाला आलं नाही.

दुसरं म्हणजे पावलं. घड्याळ पावलं मोजतं म्हणजे हाताचे हेलकावे मोजतं. हात हलला की पाय हलले असणार, असा त्याचा भाबडा विश्वास. एकदा मार्च अखेरीला पट्टा तुटायला आला म्हणून मी ते उजव्या हातात बांधलं आणि दिवसभर व्हाउचरवर शिक्के मारले. संध्याकाळी घड्याळानं माझं अभिनंदन केलं. मी खुर्चीतून न उठता अकरा हजार पावलं चाललो होतो. गणपतीच्या दहा दिवसांत टाळ्या वाजवून वाजवून मी किती कोस चाललो असेन, ते तो गजाननच जाणे.

आणि बॅटरी. या जातीची लिथियमची बॅटरी चार-पाचशे वेळा पुरती भरली आणि रिकामी झाली, की तिची धारणशक्ती साधारण ८० टक्क्यांवर येते. माझ्या घड्याळानं दहा वर्षांत साडेतीन हजार वेळा तरी चार्जिंग घेतलं आहे. आता दुपारी तीनच्या सुमारास, कॅश टॅली व्हायच्या आत, ते मान टाकतं. याबद्दल मी त्याला बोल लावत नाही. त्या वेळी शाखेत बहुतेकांची तीच अवस्था असते.

अशा परिस्थितीत एका रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो.

दुकानातला मुलगा पंचविशीतला होता. त्यानं नवं घड्याळ काचेच्या पेटीतून काढून असं काही माझ्या हाती ठेवलं, की मला क्षणभर ओवाळणी टाकावीशी वाटली. "काका, यात ईसीजी आहे. रक्तातला ऑक्सिजन आहे. झोप आहे. तुम्ही पडलात तर कळतं." मी म्हटलं, "पडलो तर मलाही कळतं." "नाही काका, घरच्यांना कळतं." सौभाग्यवतींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी पुढची कोटी गिळली.

मग जुन्या घड्याळाच्या बदल्यात काय मिळेल, हा प्रश्न आला. मुलानं कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं आणि मान हलवली. "काका, हे सिस्टीममध्येच दिसत नाही." वाचकहो, हे वाक्य बावीस वर्षं मी काउंटरच्या आतून लोकांना ऐकवत आलो आहे. बाहेरच्या बाजूला उभा राहून ते पहिल्यांदाच ऐकलं. फार लागतं हो. सोमवारपासून मी ते वाक्य निदान हळू आवाजात म्हणायचं ठरवलं आहे.

शेवटी मालक म्हणाले, "चार्जरसकट शंभर रुपये देतो." मी तिथल्या तिथे मनात घसारा काढला. कॉम्प्युटरला आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, तोच दर या लहानशा कॉम्प्युटरला लावू. मूळ किंमत १५,००० रुपये. पहिल्या वर्षअखेर ९,०००, दुसऱ्या वर्षअखेर ५,४००, असं उतरत उतरत दहाव्या वर्षअखेर पुस्तकी किंमत राहते ९० रुपये ७० पैसे. म्हणजे शंभरात विकलं तर मला ९ रुपये ३० पैसे नफाच होता. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत कितीही घसरली तरी तिचं पूर्ण शून्य कधीच होत नाही. कॉलेजात हे शिकवताना आमचे सर म्हणत, की वापरात असलेल्या वस्तूची किंमत शून्य लिहायला हिशेबनिसाचा हात धजत नाही. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि आम्ही भेळ खाऊन घरी आलो.

घरी येऊन मी या प्रकाराचा इतिहास चाळला. इतिहास लांबलचक नाही, पण बोधप्रद आहे.

२०१२ साली अमेरिकेत पेबल नावाच्या घड्याळासाठी लोकांकडे आगाऊ पैसे मागितले गेले. मागितले होते एक लाख डॉलर. जवळजवळ ६९ हजार लोकांनी मिळून एक कोटीच्या वर दिले. घड्याळ चांगलं होतं, एकदा चार्ज केलं की आठवडाभर चाले. पण डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला, तिची मालमत्ता फिटबिटनं घेतली, आणि जून २०१८ च्या अखेरीस त्या घड्याळांना लागणारी इंटरनेटवरची व्यवस्था बंद झाली. मग ज्यांच्या हातात ती होती, त्यांच्यातल्याच काही जाणत्यांनी स्वतःची व्यवस्था उभी करून ती चालू ठेवली. पुजारी गेला तरी गावानं देवळात दिवा लावत राहावं, तसं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं त्या घड्याळाची आज्ञावली सर्वांना खुली केली. तोवर फिटबिटच गूगलच्या घरात गेली होती.

ॲपलचं पहिलं घड्याळ एप्रिल २०१५ मधलं. त्यात १८ कॅरट सोन्याचाही एक प्रकार होता, किंमत दहा हजार डॉलरपासून पुढे. २०१८ साली या घड्याळांची नवी आज्ञावली आली, ती त्या पहिल्या पिढीला लागू झाली नाही. सोन्यालाही नाही. सोनेतारणाच्या खिडकीवर मी चार वर्षं काढली आहेत, म्हणून अधिकारानं सांगतो. अशा घड्याळावर कर्ज द्यायचं, तर सोन्याचं वजन धरावं, शहाणपण धरू नये. शहाणपण तीन वर्षांत उतरतं.

याउलट आमच्या अण्णांचं घड्याळ. एचएमटी जनता, किल्लीचं. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये सरकारनं तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण अण्णांच्या घड्याळाला त्याचं सोयर ना सुतक. आजही किल्ली दिली की ते चालतं. त्याला कंपनी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. दोन बोटं लागतात.

आता नव्या आवृत्तीच्या आशयाकडे वळू. हा आशय मला आमच्या हेडकॅशियरांच्या मनगटावर रोज वाचायला मिळतो. त्यांनी गेल्या वर्षीच नवं घेतलं. पूर्वी ते सकाळी आले की "काय मस्त झोप लागली!" म्हणायचे. आता आधी मनगट पाहतात आणि मग म्हणतात, "त्रेसष्ट." हे झोपेचे मार्क. त्या दिवशी ते दमलेले असतात. एकदा घड्याळ चार्जिंगला राहिलं, तर आपल्याला झोप लागली की नाही हे त्यांना दुपारपर्यंत ठरवता आलं नव्हतं. रोज दहा हजार पावलांसाठी ते जेवणाच्या सुट्टीत लेजरच्या कपाटांभोवती प्रदक्षिणा घालतात. या दहा हजारांच्या आकड्याचं मूळ मी शोधलं. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं होतं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' अशा अर्थाचं होतं. नाव कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलेलं नव्हतं, ते विक्रीसाठी ठेवलं होतं. विक्री अजून चालू आहे.

म्हणजे टॅली केली, तर फरक असा निघतो. जुनं घड्याळ मला जगाविषयी सांगायचं: किती वाजले, कोणाचा फोन, काय आणायचं. नवं घड्याळ मला माझ्याविषयीच सांगतं. आणि माझ्याविषयी ऐकायला मी फारसा उत्सुक नाही, ते काम घरात चोख होतं. तेव्हा निकाल जुन्याच्या बाजूनं लिहून मी समीक्षा मिटवणार होतो.

पण त्याच रात्री दिवा मालवल्यावर सौ. म्हणाली, "तुम्हाला येत्या श्रावणात एकोणपन्नास पूर्ण होतील."

"मग?"

"अण्णा एकोणपन्नासचे होते."

तिनं अण्णांना पाहिलेलं नाही. अण्णा १९९७ साली गेले. रात्री जेवले, घड्याळ हातात ठेवूनच झोपायची त्यांची सवय, तसेच झोपले, आणि सकाळी आई उठवायला गेली तर उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. अण्णांच्या हातातलं घड्याळ काढून कोणीतरी कोनाड्यात ठेवलं होतं, ते चालतच होतं. आदल्या सकाळी किल्ली दिलेली, ती पुरेपर्यंत चाललं. दिवेलागणीला कधीतरी थांबलं. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि त्या टिकटिकीचा मला इतका राग आला होता, की पुढे महिनाभर मी त्याला हात लावला नाही. हे मी लग्नानंतर तिला एकदाच सांगितलं होतं.

"ते घड्याळ रात्रभर हातावर होतं, पण त्याला काही कळलं नाही," ती म्हणाली. "या नव्याला कळतं म्हणतात."

यावर कोटी नव्हती. मी उद्या डॉक्टरांना विचारतो म्हटलं.

आमचे डॉक्टर जुने आहेत. फी घेताना अजून मान खाली घालतात. त्यांनी आधी घड्याळाची बाजू न्याय्यपणे मांडली. घड्याळाच्या पोटाला हिरवा दिवा असतो. रक्त लाल, ते हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. ईसीजी काढताना दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर अर्धा मिनिट ठेवायचं, म्हणजे दोन हातांमधून हृदयाची वीज एका बाजूनं दिसते. दवाखान्यात तीच बारा बाजूंनी पाहतात. ठोके अनियमित पडण्याचा एक विकार आहे, तो या घड्याळाच्या ध्यानात येऊ शकतो, आणि काही जणांना त्याचा खरोखर उपयोग झाला आहे.

"आणि अण्णांसारखं?" मी विचारलं.

"हार्ट ॲटॅक त्याला कळत नाही. ॲपलनं २०१८ साली ईसीजी आणला, तेव्हापासून ते स्वतःच तसं लिहून देतात. लोक वाचत नाहीत." मग त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि रबरी फुगा दाबला. या यंत्राची नवी आवृत्ती त्यांनीही घेतलेली नाही. "दीडशेवर शहाण्णव. किती दिवस आहे हे?"

मला कसं माहीत असणार? घड्याळानं कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. अण्णांनीही कधी विचारलं नसणार.

पुढच्या आठवड्यात रक्त, साखर, चरबी, बारा बाजूंचा कार्डिओग्राम असं सगळं झालं. सगळ्यांची बिलं मी नीट फाईलला लावली. मिळून नव्या घड्याळाच्या किमतीचा दहावा हिस्साही झाला नाही. रोज एक गोळी लागली, मीठ कमी झालं, आणि डोंबिवली स्टेशनपासून घरापर्यंतची रिक्षा बंद झाली.

तेव्हा आता निकाल. ज्यांचे ठोके चुकतात, जे वयानं थकले आहेत, जे घरात एकटे आहेत आणि पडले तर हाक ऐकायला कोणी नाही, त्यांनी नवी आवृत्ती जरूर घ्यावी. तिच्यात त्यांच्यापुरतं सुधारलेलं बरंच आहे. हेडकॅशियरांनी आपली विकावी आणि झोपावं. मी जुनीच ठेवली आहे. नवं घेऊन मी तिची भीती माझ्या मनगटावर बांधली असती, आणि दोघंही निर्धास्त होऊन डॉक्टरांकडे गेलो नसतो. तिची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. श्रावण अजून यायचा आहे. पण निदान तिला आता काम मिळालं आहे.

ती गोळी नाश्त्यानंतर घ्यायची आहे, आणि माझा नाश्ता शाखेत होतो. त्यामुळे रोज सकाळी दहाला, काउंटर उघडता उघडता, माझं मनगट थरथरतं. काच उजळते. चार चौकोन, मोकळी जागा, सहा चौकोन, आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह, तेवढं घड्याळाला येतं. 'गोळी घेतलीत?' मोजून पाहा, बरोबर बसतं. मी गोळी घेतो, पाणी पितो, घड्याळातून पाठवता येणारं एकुलतं एक 'ओके' पाठवतो आणि पहिला टोकन नंबर पुकारतो.

परवा त्या प्रश्नचिन्हाच्या पुढे आणखी तीन चौकोन, मोकळी जागा आणि तीन चौकोन होते. संध्याकाळी येताना मी दूध आणि दही दोन्ही घेऊन आलो.